न पाहिलेल्या कणांचा हिशेब

जो कण कोणी पाहिलाच नाही, तो नाही असे शास्त्रज्ञ कशाच्या बळावर म्हणतात, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही हिग्ज कणाच्या जन्मकथेतून देणार आहोत.

जिनिव्हाजवळ सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर घेराच्या भुयारी यंत्रात प्रोटॉनांच्या टकरी घडवितात. प्रोटॉनांतील ग्लुऑन परस्परांना भिडले, की कधीमधी हिग्ज निपजतो. पण गंमत अशी, की ग्लुऑनाला वस्तुमान नाही आणि हिग्जचे सख्य तर वस्तुमानाशी! दोघांची थेट सोयरीक जुळत नाही. मध्यस्थी करतो तो मुख्यतः टॉप नावाचा जड क्वार्क. तो क्षणमात्र उद्भवतो आणि लोपतो.

आता क्वार्कांच्या ज्ञात तीन पिढ्यांपलीकडे चौथी पिढी असेल तर? तिचे दोन जड क्वार्कही हीच मध्यस्थी करणार. मध्यस्थ एकाचे तीन झाले, तेव्हा हिग्ज तिप्पट, असे वाटेल. परंतु येथे संभाव्यता वर्गाने वाढते. म्हणजे सुमारे नऊपट. हे क्वार्क फार जड असले म्हणूनही लपत नाहीत, कारण वस्तुमानाबरोबर हिग्जशी त्यांचे नातेही घट्ट होते.

२०१२ साली हिग्ज सापडला. मोजदाद झाली, तेव्हा नऊपट सोडाच, दुप्पटही भरेना. साधी चौथी पिढी बाद झाली. टॉपचा कल्पित जोडीदार ‘स्टॉप’ मात्र अद्याप शंकेपुरता उरला आहे. त्याचे बहुतेक वस्तुमान हिग्जकडून आलेले नसल्यामुळे, तो पुरेसा जड असला तर हिग्जच्या संख्येत अगदी थोडाच फरक पाडील. तो पकडायला मोजणी अधिक काटेकोर हवी.