पहिलं फूल जास्वंदीचं

चित्र काढायला नव्याने शिकणाऱ्यांनी सुरुवात जास्वंदीपासून करावी. पाकळ्या पाचच, पण मोठ्या; प्रत्येकीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली. पेन्सिलीने हलक्या हाताने वर्तुळ काढा, मध्यबिंदू ठरवा आणि तिथूनच पाकळ्या बाहेर पसरू द्या. कडा थोड्या लहरी हव्यात, कंपासने काढल्यासारख्या नकोत. मधली लांब दांडी मात्र निरखून काढा: तिच्यावर पिवळे परागकोश, टोकाला पाच लाल ठिपके. ती जमली की जास्वंद लगेच ओळखू येते. जलरंगात आधी फिकट लाल लावा. तो पूर्ण वाळल्यावरच मध्याकडे गडद करत न्या. पानांना करवती कडा द्या. आणि खरं फूल समोर घेऊन सकाळीच बसा, कारण ते बहुधा एका दिवसात मिटतं.