सहा कार्बनांचा हिशेब

कार्बन आणि नायट्रोजन यांचे अणू तिहेरी बंधाने जोडले गेले की नायट्राईल गट तयार होतो आणि असे दोन गट एकाच रेणूत असलेल्या सेंद्रिय संयुगांना डायनायट्राईल म्हणतात. त्यांपैकी अ‍ॅडिपोनायट्राईल हे औद्योगिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे असले, तरी ग्राहकाला ते कधी दिसत नाही. चार कार्बनांची साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक नायट्राईल गट, म्हणजे एकूण सहा कार्बन, अशी त्याची रचना असून, हायड्रोजनशी अभिक्रिया घडवली असता दोन्ही टोकांना अमाइन गट येतात आणि मिळालेल्या डायअमाइनचा सहा कार्बनांच्याच अ‍ॅडिपिक आम्लाशी संयोग होऊन नायलॉन ६६ बनते. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये हे बहुवारिक प्रथम तयार केले.

हे सहा कार्बन स्वस्तात कसे जुळवायचे, हाच या उद्योगापुढचा खरा प्रश्न होता आणि त्याची उत्तरे रसायनशास्त्राच्या कल्पकतेची साक्ष देतात. एकेकाळी ओटची टरफले आणि दाणे काढलेली मक्याची कणसे यांपासून मिळणारे पाच कार्बनांचे फरफ्युरल घेऊन, त्यातील एक कार्बन वगळून, उरलेल्या चारांना सायनाइडद्वारे दोन जोडले जात. शेतातल्या टाकाऊ मालापासून मोजे विणण्याचा हा मार्ग पेट्रोलियमजन्य ब्युटाडाईन स्वस्त झाल्यावर मागे पडला. ब्युटाडाईनमध्ये मुळातच चार कार्बन असतात; निकेलयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याला हायड्रोजन सायनाइडचे दोन रेणू जोडले की हिशेब पुरा होतो, मात्र अत्यंत विषारी वायू हाताळावा लागतो. मॉन्सँटो कंपनीतील मॅन्युएल बायझर यांनी तीन अधिक तीन अशी निराळीच मांडणी केली आणि तीन कार्बनांच्या अ‍ॅक्रिलोनायट्राईलचे दोन रेणू विजेच्या साहाय्याने ऋणाग्रावर जोडले. सेंद्रिय संयुगे विद्युत्‌पद्धतीने मोठ्या प्रमाणावर बनवण्याच्या मोजक्या यशस्वी उदाहरणांत ही पद्धत गणली जाते.

इतर डायनायट्राईलांपैकी मेणासारखे मऊ सक्सिनोनायट्राईल सुमारे ५७ अंश सेल्सिअसला वितळते आणि गोठताना धातूंप्रमाणे फांद्याफांद्यांचे स्फटिक बनवते; शिवाय ते पारदर्शक असल्याने धातू गोठण्याची प्रक्रिया त्यातून डोळ्यांनी पाहता येते. मॅलोनोनायट्राईलपासून बनणारा सीएस हा अश्रुधूर मात्र दोन्ही नायट्राईल गट शाबूत ठेवूनच माणसांपर्यंत पोहोचतो. कॉर्सन आणि स्टॉटन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये तो तयार केला आणि त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार त्याचा युद्धात वापर निषिद्ध आहे, पोलिसांना तो जमावाविरुद्ध वापरण्याची मात्र मुभा आहे.