चित्रपट भाड्याने, मुदत ४८ तास!

पुणे : व्हिडिओ लायब्ररीतून शनिवारी संध्याकाळी आणलेली कॅसेट सोमवारी परत केली नाही, तर आणखी एका दिवसाचे भाडे भरावे लागत असे. त्या लायब्ऱ्या आता शहरातून जवळपास नाहीशा झाल्या आहेत. मुदतीची अट मात्र टिकून आहे. इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला चित्रपट पाहण्यास एकदा सुरुवात केली, की साधारणतः ४८ तासांत तो संपवावा लागतो. कॅसेट उशिरा परत करण्याची तरी सोय होती. हा चित्रपट मुदत संपताच पडद्यावरून आपोआप दिसेनासा होतो.

मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरून हवे तितके चित्रपट पाहण्याची पद्धत आता घरोघरी परिचित आहे. भाड्याची पद्धत तिच्याहून वेगळी असून भारतात ती नेटफ्लिक्सच्या आधीच रुजू लागली होती. ॲपलचे आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले, तर गूगलने २०१३ मध्ये चित्रपट भाड्याने देण्यास प्रारंभ केला. नेटफ्लिक्सचे भारतातील आगमन त्यानंतरचे, जानेवारी २०१६ मधील. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये बुकमायशोने आणि एप्रिल २०२२ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने भाड्याचे दालन उघडले. ॲमेझॉनचे भाडे प्रारंभी ६९ ते ४९९ रुपये इतके होते आणि वर्गणीदार नसलेल्यालाही तेथे चित्रपट घेता येत होता.

सोय कोणाची, किती?

महिन्यातून एखाद-दुसराच चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला हा व्यवहार निश्चितच परवडतो. चौघांचे तिकीट, वाहनतळाचे पैसे आणि मध्यंतरातील खाणेपिणे यांच्या तुलनेत एकदाच भरलेले भाडे स्वस्त पडते. आजी-आजोबांना जिने चढावे लागत नाहीत, तान्ह्या मुलाच्या आईला चित्रपट मध्येच थांबवता येतो. पैसे भरल्यावर चित्रपट सुरू करण्यासाठी बहुधा ३० दिवसांचा अवधी असतो. ४८ तासांची मोजणी सुरू होते ती ‘प्ले’चे बटण दाबल्यापासून. पाहुणे यायचे म्हणून दहा मिनिटे पाहून ठेवून दिलेला चित्रपट पुढच्या रविवारी उघडत नाही, याचे कारण हेच. शिवाय एकदा सुरू केलेल्या चित्रपटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

घाईचीही किंमत असते. ‘केजीएफ : चॅप्टर २’ हा चित्रपट १६ मे २०२२ पासून प्राइम व्हिडिओवर १९९ रुपये भाड्याने उपलब्ध झाला आणि ३ जूनपासून तोच वर्गणीदारांना वेगळे पैसे न भरता पाहता आला. अठरा दिवस थांबण्याची तयारी असलेल्या वर्गणीदाराचे १९९ रुपये वाचले. भाडे भरण्यापूर्वी तो चित्रपट आपल्या वर्गणीत आधीच आहे का, हे तपासणे म्हणूनच शहाणपणाचे. याच्या उलट, आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ चित्रपटगृहांनंतर वर्गणीच्या सेवेकडे न नेता १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने दिला. तेथे मोफत होण्याची वाट पाहणाऱ्याला दुसरा दरवाजाच नव्हता.

चित्राच्या दर्जाबाबतही गैरसमज आढळतो. ‘एचडी’चे पैसे भरले म्हणजे प्रत्येक उपकरणावर एचडीच दिसेल, असे नाही. चोरी रोखण्यासाठी चित्रपटाला डिजिटल कुलूप लावलेले असते आणि ते उपकरण किंवा ब्राउझर पुरेसे सुरक्षित नसेल, तर चित्र कमी दर्जाचे दाखवले जाते. जोडणीचा वेग उत्तम असतानाही संगणकावर चित्र पुसट दिसते, ते अनेकदा यामुळे. मोबाइलच्या डेटावर पाहणाऱ्यांनी एचडीसाठी ताशी सुमारे ३ गिगाबाइटचा हिशेब धरावा.

‘विकत’ म्हणजे काय?

काही सेवांवर ‘भाड्याने’ या बटणाशेजारी ‘विकत’ असेही बटण असते. तिप्पट-चौपट पैसे भरून घेतलेला चित्रपट कायमचा आपला झाला, असे ग्राहकाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मिळतो तो पाहण्याचा परवाना. सेवा बंद पडली किंवा निर्मात्याशी असलेला करार संपला, तर तो परवाना अडचणीत येऊ शकतो. गूगलने आपले चित्रपटांचे स्वतंत्र दालन १७ जानेवारी २०२४ रोजी बंद केले, तेव्हा विकत घेतलेले चित्रपट यूट्यूबवर हलविण्यात आले. ग्राहकांचे नुकसान टळले खरे. पण कपाटातील डीव्हीडीला असे स्थलांतर करावे लागत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार विक्रेत्याने अशा व्यवहारात मालकी नव्हे तर परवाना मिळत असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. भारतातील ग्राहकाला तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकाचा पर्याय आहे; मात्र अटींना संमती देण्यापूर्वी त्या वाचण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

परवाना कोणासाठी, हाही प्रश्न आहेच. भाड्याने घेतलेला चित्रपट खासगी पाहण्यासाठी असतो. गणेशोत्सवात सोसायटीच्या वाहनतळात पडदा लावून तो शंभर जणांना दाखवणे त्यात बसत नाही, मग तिकीट लावलेले नसले तरी. त्यासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. पुण्यातील किती मंडळे ती घेतात, हा भाग वेगळा! परदेशी निघालेल्यांनीही सावध असावे : हक्क देशागणिक विकले जात असल्याने पुण्यात घेतलेला चित्रपट न्यू जर्सीत लेकीच्या घरी उघडेलच, याची खात्री नसते.

जुना मराठी चित्रपट कोठे?

या साऱ्याहून मोठी मर्यादा दालनात काय ठेवले आहे, ही आहे. नवे चित्रपट चटकन मिळतात. जुन्या मराठी चित्रपटांचा शोध घेणारा मात्र बहुधा निराश होतो आणि त्यामागे कायद्याचे गुंते आहेत.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील मराठी चित्रपट त्यामुळे आजही हक्कांच्या कक्षेत आहेत. त्यांपैकी अनेकांचे निर्माते आज हयात नाहीत आणि वारसांमध्ये हक्क कोणाकडे आले, हे ठरलेले नसते. त्या काळचे करार चित्रपटगृहे किंवा फार तर कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून झालेले होते. इंटरनेटचा त्यांत उल्लेख असणे शक्यच नव्हते. करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, करारात तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास, हस्तांतरित होत नाहीत, अशी दुरुस्ती २०१२ मध्ये कायद्यात झाली. लेखक-कलावंतांच्या हिताची ही तरतूद. पण कागद सापडत नसताना ६९ रुपये भाड्यासाठी एवढी चौकशी करण्यास कोणती कंपनी तयार होईल?

त्याआधीच्या चित्रपटांची गोष्ट निराळी. प्रभात फिल्म कंपनीचे ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), त्याचप्रमाणे आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) यांची साठ वर्षे केव्हाच उलटली आहेत. चित्रपट म्हणून त्यांच्यावर आता कोणाची मक्तेदारी नाही. मात्र हक्क मोकळे झाले म्हणून प्रत चांगली होत नाही. जी प्रत कोणीही फुकट टाकू शकतो, ती स्वच्छ करण्यावर व्यापारी पैसा घालत नाही. मग ओरखड्यांनी भरलेल्या, आवाज विरलेल्या प्रतीच फिरत राहतात.

‘प्रभात’ने १९३३ मध्ये कोल्हापूरहून येऊन पुण्यात जो स्टुडिओ उभारला, तेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याच आवारातील साठ्याला ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. तेथून जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मार्च २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांचा प्रकल्प जाहीर केला. या प्रकल्पातून स्वच्छ झालेल्या प्रती भाड्याच्या दालनांत ठेवण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. कोणत्या चित्रपटाचे हक्क कोणाकडे आहेत, याची नोंद लावणे हे काम मात्र शिल्लक राहते आणि ते फिल्म स्वच्छ करण्याइतकेच वेळखाऊ आहे.