जो गॅन्स : हरलेल्या लढतींचा हिशेब

अमेरिकेतील काळ्या माणसाशी आपली ओळख झाली ती मुख्यतः पुस्तकांतून. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चांतून पुन्हा पुन्हा येतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावही तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु गोऱ्यांच्या त्या देशात काळा माणूस हजारो डोळ्यांसमोर गोऱ्याच्या बरोबरीने उभा राहिला तो आधी लेखणी घेऊन नव्हे, मुठी आवळून. त्या मुठीचा इतिहास आपण फारसा वाचत नाही. वाचला तर महंमद अलीचा, फार तर जॅक जॉन्सनचा. जॉन्सनच्या आधी सहा वर्षे, १९०२ साली, जगज्जेता झालेला जो गॅन्स मात्र त्याच्या स्वतःच्या देशातही जवळजवळ विसरला गेला होता.

गॅन्सचा जन्म २५ नोव्हेंबर १८७४ चा, गाव बाल्टिमोर. मराया गँट नावाच्या बाईने त्याला वाढवले. पोरवयात तो मासळीबाजारात कालवे फोडायचे काम करी. मुष्टियुद्धात तो शिरला तो 'बॅटल रॉयल' नावाच्या प्रकारातून. हा प्रकार काय होता? पाचसहा काळ्या पोरांना, पुष्कळदा डोळ्यांवर पट्ट्या बांधून, एकाच रिंगणात सोडायचे. त्यांनी एकमेकांना मिळेल तसे बडवायचे. भोवती बसलेल्या गोऱ्यांनी हसायचे आणि अखेर जो उभा राहील त्याच्याकडे चार नाणी फेकायची. एलिसनच्या 'इन्व्हिजिबल मॅन' या १९५२ च्या कादंबरीत हे दृश्य आहे. ज्यांनी ती वाचली असेल ते ते विसरणार नाहीत. गॅन्सच्या विद्येची ही पहिली शाळा. ह्या शाळेतून निघालेल्या माणसाला पुढे 'ओल्ड मास्टर' म्हणजे जुना उस्ताद अशी पदवी मिळाली, आणि ती दिली गोऱ्या वार्ताहरांनी व प्रतिस्पर्ध्यांनी.

उस्ताद कशात? त्या काळी मुष्टियुद्ध म्हणजे बहुतांशी दांडगाई. मार खात पुढे घुसायचे आणि समोरचा थकेपर्यंत हाणायचे. गॅन्स अंगावर मार घेत नसे. समोरच्याचा ठोसा तो हाताने बाजूला सारी किंवा इंचभर मान हलवून चुकवी, आणि त्याच क्षणी त्याचा स्वतःचा आखूड, सरळ ठोसा सुटलेला असे. एकही पाऊल वाया जात नसे. समोरचा काय करणार हे वाचणे, हुलकावणी देऊन त्याला हवे तेच करायला लावणे, हे त्याचे खरे शस्त्र. शारीरिक बळ हे काळ्याचे आणि बुद्धी ही गोऱ्याची, अशी जी वाटणी वर्णद्वेषाने करून ठेवली होती ती हा माणूस दर लढतीत मोडत होता. त्याच्या काळाला हे सोयीचे नव्हते. वारशाबद्दल बोलताना ही गोष्ट पहिली धरली पाहिजे, पण ती शेवटची नव्हे. कारण गॅन्सच्या नावावर डाग आहेत.

पहिला डाग भ्याडपणाचा. २३ मार्च १९०० रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रँक अर्नशी हलक्या वजनी गटाच्या जगज्जेतेपदाची लढत झाली. बाराव्या फेरीत डोक्याला डोके आदळून गॅन्सचा डोळा जबर दुखावला आणि त्याने लढत थांबवायला सांगितले. झाले. काळ्याच्या अंगात धमक नसते, हे सिद्ध झाल्याचे सांगायला लोक मोकळे झाले. या आरोपाचे उत्तर गॅन्सनेच दिले. १२ मे १९०२ रोजी कॅनडातल्या फोर्ट ईरी येथे तोच अर्न पुन्हा समोर आला आणि पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे पुरी व्हायच्या आत, बाद झाला. अमेरिकेत जन्मलेला पहिला काळा जगज्जेता तो हा. (त्याच्याआधीचा जॉर्ज डिक्सन कॅनडात जन्मलेला होता.)

दुसरा डाग असा धुता येत नाही. १३ डिसेंबर १९०० रोजी शिकागोत गॅन्सची गाठ टेरी मॅकगव्हर्नशी पडली. मॅकगव्हर्न त्याच्याहून खालच्या वजनी गटाचा विजेता. दुसऱ्याच फेरीत गॅन्स वारंवार खाली पडला आणि संपला. त्याने मारलेले ठोसे ठोशांसारखे नव्हते, आणि ही लढत आधीच ठरवून केलेली होती याविषयी पाहणाऱ्यांना फारसा संशय उरला नाही. बभ्रा एवढा झाला की शिकागोत मुष्टियुद्धावरच बंदी आली. गॅन्स विकला गेला होता. ही गोष्ट लपवून त्याचे गुणगान करणे मला मान्य नाही. आपल्या माणसाचा डाग झाकला म्हणजे त्याचा सन्मान होतो, ही समजूत प्रस्थापितांच्या चरित्रलेखनातून आपल्याकडे आलेली आहे. ती आपण उचलू नये.

पण विकला कोणी आणि विकत घेतला कोणी, हेही विचारायला हवे. गॅन्सचा मॅनेजर होता अल हर्फर्ड, बाल्टिमोरचाच एक गोरा. लढत कोणाशी, कुठे, किती फेऱ्यांची, हे तो ठरवी आणि पैसाही त्याच्याच हातून येई. काळ्या मुष्टियोद्ध्याला गोऱ्या मॅनेजरवाचून मोठ्या लढती मिळतच नसत. त्यातही गोऱ्याविरुद्ध उभे राहायचे तर पुष्कळदा 'फार मारायचे नाही', 'अमुक फेरीपर्यंत चालवायचे' अशा अटी मान्य कराव्या लागत. एक साधे उदाहरण घ्या. ७ डिसेंबर १९०३ ला गॅन्स फिलाडेल्फियात लढला. लगेच दुसऱ्या रात्री बॉस्टनमध्ये त्याला सॅम लँगफर्डसमोर उभे केले गेले, पंधरा फेऱ्यांसाठी. लँगफर्ड हा स्वतः अलौकिक खेळाडू, तो जिंकला. नोंदवहीत लिहिले आहे : गॅन्स पराभूत. आदली रात्र त्या रकान्यात मावत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की गॅन्सची नोंदवही ही एकट्या गॅन्सची नाही. तिच्यावर दोघांच्या सह्या आहेत, त्याची आणि हर्फर्डची. तिच्यातल्या आकड्यांवरून गुणवत्ता ठरवायची तर आधी कुठला आकडा कोणाचा हे निवडावे लागेल, आणि ते बहुतेक ठिकाणी अशक्य आहे. सुदैवाने एक लढत अशी आहे की जिच्यावर हर्फर्डची सही नाही.

१९०४ च्या अखेरीस जिमी ब्रिट नावाच्या गोऱ्याने नियमभंगाने हरूनही विजेतेपदावर हक्क सांगितला. गॅन्स आता वजनात बसत नाही, हे त्याचे कारण. पुढच्या वर्षी बॅटलिंग नेल्सनने ब्रिटला हरवले आणि वर्तमानपत्रे नेल्सनलाच विजेता म्हणू लागली. गॅन्सला त्या पदासाठी कोणी हरवलेलेच नव्हते! पद हरल्यावाचून जाते कसे, हा प्रश्न काळ्याच्या बाबतीत कोणाला पडला नाही. त्याच सुमारास तो हर्फर्डपासून सुटला, पण हाती पैसा नव्हता.

अशा वेळी नेव्हाडाच्या वाळवंटातून बोलावणे आले. गोल्डफील्ड हे सोन्याच्या खाणींवर नुकतेच वसलेले गाव. टेक्स रिकर्ड या तिथल्या दारूच्या गुत्तेवाल्याने गावाचा बोलबाला व्हावा म्हणून लढतीचा घाट घातला आणि बक्षिसाची तीस हजार डॉलरची सोन्याची नाणी खिडकीत मांडून ठेवली. वाटणी ऐका. विजेता गॅन्स, पण त्याला सुमारे अकरा हजार. आव्हान देणाऱ्या नेल्सनला त्याच्या दुपटीच्या आसपास, जिंको वा हरो. शिवाय नेल्सनच्या मॅनेजरची अट : गॅन्सने १३३ पौंडांत, म्हणजे सुमारे साठ किलोत, बसले पाहिजे. तेही लढतीच्याच दिवशी, अंगावरच्या पोशाखासकट, एकापेक्षा अधिक वेळा तराजूवर चढून. तेव्हा गॅन्स एकतीस वर्षांचा होता. उपाशी राहून, घाम काढून तो त्या वजनावर आला. गॅन्सने सर्व अटी मुकाट्याने मान्य केल्या.

३ सप्टेंबर १९०६. भर दुपारी, वाळवंटातल्या उन्हात, लढत निकालापर्यंत. गॅन्सने नेल्सनला फेरीमागून फेरी सोलून काढले. नेल्सन डोके खुपसत, कंबरेखाली मारत पुढे येत राहिला. मध्येच गॅन्सचा हात जायबंदी झाला. ते कळू न देता तो एका हाताने लढत राहिला. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सनने उघड उघड कंबरेखाली ठोसा मारला आणि पंच जॉर्ज सायलर यांनी गॅन्सला विजयी ठरवले. विश्रांती धरून पावणेतीन तास! भोवतीचा जमाव बहुतांशी गोरा होता. त्यानेही हा निकाल मान्य केला, कारण दुसरे काही म्हणायला जागाच उरली नव्हती. या लढतीच्या चित्रफितीचे तुकडे आजही पाहता येतात.

या लढतीतही गॅन्स पुरता मोकळा होता असे नाही. गावातला एक खाण-दलाल त्याच्या बाजूने उभा राहिला होता आणि गॅन्सवर पैसे लावून बसलेल्यांनी 'हरलास तर जिवंत जाणार नाहीस' असे त्याला बजावले होते, अशीही हकिकत सांगितली जाते. ती खरी मानली तरी एवढेच निघते की त्याला आयुष्यात एकदा जिंकण्याची सक्ती झाली. आणि जिंकायला सांगितल्यावर तो काय करू शकत होता ते जगाने पाहिले. शिकागोच्या दोन फेऱ्या आणि गोल्डफील्डच्या बेचाळीस फेऱ्या शेजारी ठेवा. पहिलीत व्यवस्था किती बलवान होती ते दिसते, दुसरीत गॅन्स.

मग तो विसरला का गेला? माझ्या मते एक कारण जॉन्सन. १९०८ साली जॉन्सन अवजड गटाचा विजेता झाला. ४ जुलै १९१० ला रेनो येथे त्याने जेफ्रीसला लोळवले, तेव्हा चिडलेल्या गोऱ्यांनी देशभर काळ्यांवर हल्ले केले. जॉन्सन हसून डिवचणारा, सोन्याचे दात दाखवणारा. बंडखोराला इतिहासात जागा मिळते, मग ती शिव्यांची का असेना. गॅन्स अबोल, सभ्य, पंचाशी न भांडणारा. गोऱ्यांनी त्याला 'चांगला काळा' म्हणून पाठीवर थाप दिली आणि पुढे गेले. काळ्यांच्या पुढच्या पिढ्यांना ही थापच खुपली असावी. दोन्हीकडून त्याच्यावर अन्याय झाला. आपल्याकडे त्याच काळात पालवणकर बाळू गोलंदाजी करीत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला आले. बाळूंचा सौजन्यशील स्वभाव सवर्ण समीक्षकांना आवडे. नाकारलेल्या कर्णधारपदाचा रकाना मात्र कुठल्याच धावफलकात नसतो.

गोल्डफील्डच्या पैशातून गॅन्सने बाल्टिमोरमध्ये गोल्डफील्ड नावाचेच हॉटेल काढले. तिथे यूबी ब्लेक हा विशीतला काळा पोरगा पियानो वाजवी. पुढे १९२१ साली त्याच ब्लेकच्या संगीताचे 'शफल अलाँग' ब्रॉडवेवर गाजले. गॅन्सच्या या गुंतवणुकीची नोंद मुष्टियुद्धाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते; माझ्या लेखी ती एखाद्या विजेतेपदाच्या तोडीची आहे.

१९०८ साली नेल्सनने त्याला दोनदा हरवले, जुलैत सतराव्या फेरीत आणि सप्टेंबरात एकविसाव्या. क्षयाने तेव्हा त्याची छाती पोखरली होती. हे दोन पराभवही नोंदवहीत साध्या शाईने लिहिलेले आहेत. नॅट फ्लायशरसारख्या जाणकाराने पुढे त्याला हलक्या गटाचा सर्वश्रेष्ठ योद्धा म्हटले, १९९० साली आंतरराष्ट्रीय सन्मानदालनात पहिल्याच यादीत त्याचे नाव आले, आणि २००८ व २०१२ साली त्याच्यावर स्वतंत्र पुस्तके निघाली. कोरड्या हवेसाठी तो ॲरिझोनात जाऊन राहिला होता. गुण येत नाही हे दिसल्यावर आगगाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या गावी, आईकडे परतला. १० ऑगस्ट १९१० रोजी तो वारला. वय पस्तीस. रेनोच्या लढतीला तेव्हा सव्वा महिना झाला होता.