एक जून : गुरुजींनी लावलेला वाढदिवस

आपल्या गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर कधी उघडून पाहिले आहे का? जन्मतारखेच्या रकान्यात पानोपान एकच तारीख दिसते, १ जून. साल तेवढे बदलते. बाहेरच्या माणसाला वाटावे, या गावात बायाबापड्या एकाच दिवशी बाळंत होत होत्या की काय!

त्याचे कारण आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला घेऊन गुरुजींपुढे उभा राहायचा. "जन्म कवाचा?" विचारले की उत्तर यायचे, "लई पाऊस झाला त्या सालचा, पोळ्याच्या आदल्या दिशीचा." पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की गुरुजी समजायचे, हे शाळेत बसायच्या वयाचे आहे. मग तेवढी वर्षे मागे मोजून १ जून मांडली की दाखला तयार. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, आणि तो वाड्या-वस्त्यांवर रुजायला पुढे कितीतरी वर्षे गेली. नर्गिसचा जन्म १ जून १९२९ चा, पण तिची तारीख खरी. आपल्याकडची गुरुजींची.

नोकरीतली अशी माणसे ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, असा नियमच आहे. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांत नारळ-शालीची कशी रांग लागते ते तुम्ही पाहिलेच असेल.

पण ही तारीख आपल्या जिल्ह्याला आणखीही कारणांनी चिकटलेली आहे. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यान. बेडफोर्ड बनावटीच्या ३० गाड्यांवर एसटीचा कारभार सुरू झाला. लाकडी सांगाडा आणि काथ्याची आसने, अशी त्या गाड्यांची तऱ्हा. आज नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की भाजीची पाटी, दुधाची किटली आणि तालुक्याला शिकायला जाणारी पोरगी ही सगळी याच गाडीने गेली.

दुधावरून आठवले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००१ पासून १ जून हा जागतिक दूध दिन ठरवला. आणि २०१७ साली नेमक्या याच दिवशी आपल्या जिल्ह्यात दूध रस्त्यावर ओतले गेले. राहाता तालुक्यातले पुणतांबे, गोदावरीकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे गाव. एप्रिलमध्ये तिथल्या ग्रामसभेत ठराव झाला की १ जूनपासून शेतकरी संपावर जाणार, शहराला दूध-भाजीपाला पाठवणार नाही. कर्जमाफी, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव आणि दुधाला दर, या मागण्या होत्या. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे काय, असे पुष्कळांनी हसून विचारले. (कुलाबा जिल्ह्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ मध्येच शेती कसायची नाही असे ठरवून संप केला होता, हे हसणाऱ्यांना माहीत नसावे.) संप राज्यभर पसरला. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन एका गटाने संप मागे घेतला, बाकीच्यांनी चालू ठेवला. ११ जूनला सरकारने कर्जमाफीचे तत्त्व मान्य केले आणि २४ जूनला ३४ हजार २२ कोटी रुपयांची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. स्वामिनाथन आणि दूधदर हे प्रश्न मात्र तिथेच राहिले. २०२२ मध्ये पुणतांबेकर पुन्हा धरणे धरून बसले, तेही १ जूनलाच.

ओतलेल्या दुधाबद्दल दोन मते आहेत, माझे मत सांगतो. ज्याने पहाटे चारला उठून धार काढली, त्याने ते हौसेने ओतले नाही.

पावसाच्या हिशेबातही १ जून मानाची. केरळात मोसमी पाऊस याच तारखेच्या आसपास यावा असे धरतात. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आणि २५ मे रोजी महाराष्ट्रात येऊन धडकला. म्हणून तारीख पाहून तिफण जुंपू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय पेरणी नको. शेवगाव, पाथर्डी, नेवाशाकडच्या कपाशीवाल्यांना मात्र उलटे सांगणे आहे. एक जूनच्या आधी लावण करू नका, गुलाबी बोंडअळीला आयते घर मिळते.

आता पुन्हा जन्मतारखेकडे येतो, कारण त्यात पैसे अडकतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वीज पडून, शॉक लागून, साप चावून, विहिरीत पडून मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५. एका प्रकरणात सर्पदंशाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर १ जून होती, आधारवर १ जानेवारी आणि मतदार कार्डावर वय चार वर्षांनी जास्त. घरधनी गेलेला, पेरणी तोंडावर आलेली, आणि ती बाई तीन कागद घेऊन महिनोन् महिने खेटे घालत होती.

आधारवर १ जानेवारी का येते? आधार काढताना नुसते साल सांगितले, तर यंत्रणा तीच तारीख टाकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात म्हटले की वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा. म्हणजे गुरुजींनी अंदाजाने मांडलेली तारीखच शेवटी कायद्यात टिकली!

तेव्हा या उन्हाळ्यात एवढे करा. घरातल्या प्रत्येक खातेदाराचा दाखला, आधार, मतदार कार्ड आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवा. नाव आणि तारीख ताडून पाहा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखला हातात घेऊनच केंद्रावर जा. दाखला हरवला असेल तर शाळेत अर्ज करा. जनरल रजिस्टर तिथे असते.