रिकामटेकड्यांच्या सिनेमाला पैसा कोण देतो?

सुरतेत उधना-लिंबायतकडे गेलात की यंत्रमागाच्या खडखडाटात खानदेशी मराठी कानावर पडते. तिथल्या पोरांनी कट्ट्यावरच्या उनाडांवर विनोदी सिनेमा काढायचं ठरवलं, तर बँक दारातही उभं करणार नाही. कारण साधं आहे: कर्जाला सहसा तारण लागतं आणि न बनलेला सिनेमा हे तारण नव्हे.

मग उरते वर्गणी. गुजरातेतच १९७६ साली ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ हा सिनेमा उभा केला. पण त्यामागे सहकारी संघाचं जाळं होतं, हे विसरलं जातं.

आपल्या विषयाला जवळचा दाखला अमेरिकेतला. केविन स्मिथने दुकानात वेळ काढणाऱ्या दोन तरुणांवर ‘क्लर्क्स’ (१९९४) केला, २७,५७५ डॉलरमध्ये. क्रेडिट कार्डं ताणली, जमवलेली कॉमिक्स विकली. स्वतः नोकरी करायचा त्याच दुकानात रात्री चित्रीकरण. कथा मात्र दिवसाची, म्हणून त्यात दुकानाचं शटर बंदच, कुलूप अडकल्याचं निमित्त! पैशाची चणचण पटकथेत अशी मुरवता येते. मालेगावात तुटपुंज्या पैशात सिनेमे काढणाऱ्या नासिर शेखने तर सायकलवर कॅमेरा फिरवला.

‘नफ्यात वाटा देतो’ म्हणून सरसकट गावाकडून पैसे गोळा करणं मात्र अंगाशी येतं. कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला जाहीर आवाहन करून समभाग विकता येत नाहीत. तेव्हा पोरांनो, मामाकडून दहा हजार घेतलेत तरी ती देणगी, उसनवारी की भागीदारी, हे आधी कागदावर लिहून घ्या.