माघार आणि पळ : अंबत्तूर ते तंजावर

वाईट दिवस सरल्यावर मन मोकळं करण्यासाठी गाडी काढून चार दिवस बाहेर पडावं का, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकजण विचारता. माझं उत्तर आहे, पडावं. पण कसं पडावं, ते आज समजून घेऊ.

फौजेत माघार आणि पळ हे दोन वेगळे शब्द आहेत. माघार घेताना कुठे जायचं, कोणत्या वाटेने, कुठे थांबायचं आणि मागे कोण सांभाळणार हे आधी ठरलेलं असतं. पळताना यातलं काहीच ठरलेलं नसतं. दुःखातून बाहेर पडण्यासाठी केलेल्या प्रवासालाही मी हीच कसोटी लावतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आम्हा अंबत्तूरकरांपासून १६० किलोमीटरवर उभं आहे, ते म्हणजे जिंजी. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांची हत्या केली. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज तिथून निसटून पन्हाळ्याला आले आणि वेश पालटून कर्नाटकमार्गे नोव्हेंबरमध्ये जिंजीला पोहोचले. वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मा यांनी त्यांना मदत केली. मागे महाराष्ट्र रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपवलेला होता. जिंजीचा किल्लाही शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच घेऊन ठेवला होता, म्हणजे जागा तयार होती. जिंजीने मोगलांना सुमारे आठ वर्षं झुंजवलं. १६९८ मध्ये किल्ला पडला, पण त्याआधीच महाराज तिथून निसटले होते आणि महाराष्ट्रात परतले. जागा, वाट, मागची व्यवस्था आणि परतणं हे चारही असल्यामुळे मी याला माघार म्हणतो.

माझ्यावर वेळ आली तेव्हा हाच धडा उपयोगी पडला. माझी पत्नी दोन वर्षांच्या आजारपणानंतर गेली. पुढचे सहा महिने औषधांच्या वेळा झाल्या की मी आपोआप उठायचो आणि मग खोलीत मधोमध उभा राहायचो. जानेवारीत पाच दिवसांचा आराखडा कागदावर लिहिला. घराची किल्ली शेजाऱ्यांना दिली, मुलीला रोजचा मुक्काम कळवला आणि परतीची तारीख ठरवली. विट्याकडचे, सोन्याच्या गलाईच्या धंद्यातले एक स्नेही सोबत आले. दुःखात झोप तुटक असते, त्यामुळे एकट्याने लांब गाडी चालवू नये. दोघांनी आलटून पालटून चालवावी.

आता हवामान. आपल्या गावाकडे डिसेंबर म्हणजे कोरडी थंडी. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि चेन्नईचा वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात अंबत्तूरची औद्योगिक वसाहत पाण्याखाली गेली होती. म्हणून आमचा प्रवासाचा हिवाळा पोंगलनंतर सुरू होतो. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला पहाटे, लोक जुन्या वस्तू जाळतात. तो धूर आणि धुकं मिसळलं की समोरचं दिसत नाही. पोंगलची परतीची गर्दीही टाळा. जानेवारीचा शेवटचा आठवडा उत्तम.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. बायपासने पेरुंगलत्तूर, तिथून तिंडिवनम, मग उजवीकडे जिंजी. दर दोन तासांनी थांबायचं, टायर पाहायचे, पाणी प्यायचं, ही फौजी शिस्त पाळली. गाडी चालवताना आरसा, गियर, समोरची बस यांत मन जेमतेम गुंततं. त्यामुळे एकाच विचाराभोवतीचं फिरणं थोडं सैल होतं. शिवाय शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना डोळ्यांत पाहावं लागत नाही. सहा महिन्यांत कोणाशी न बोललेलं मी तिंडिवनमच्या अलीकडे बोललो. स्नेही फक्त "हं" म्हणाले. तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या सकाळी राजगिरी चढलो. जिंजीला राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आहेत. मराठा लष्करी स्थळांचा २०२५ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. त्या १२ किल्ल्यांपैकी तामिळनाडूतला हा एकच. ऊन तापायच्या आत चढा, पाणी सोबत ठेवा आणि खाऊ माकडांपासून सांभाळा. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. शरीर थकणं आणि सकाळचं ऊन अंगावर घेणं, दोन्ही झोपेला मदत करतात.

तिसऱ्या दिवशी तंजावर, सुमारे २०० किलोमीटर. भातकापणीचा हंगाम असल्याने रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं, तेव्हा वेग कमी ठेवा. बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे. तो दुसऱ्या शरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला.

चौथ्या दिवशी पट्टुकोट्टईच्या रस्त्याला ओरत्तनाडूला गेलो. शरफोजींच्या आयुष्यातली मुक्तांबा तरुणपणीच वारली. तिच्या नावाने त्यांनी तिथे छत्रम, म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा, उभारलं. रामेश्वरच्या यात्रेकरूंना या राज्यातल्या छत्रांत जेवण आणि मुक्काम मिळे. आजारी वाटसरूंना औषध आणि अनाथ मुलांना आधार मिळतो, असं शरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्रात कळवलं होतं. आपलं माणूस गेल्यावर त्याच्या नावाने परक्या वाटसरूला थांबायला जागा करून देणं, हे मला तिथे उभं राहून नीट समजलं.

पाचव्या दिवशी घरी आलो. घर तसंच रिकामं होतं. फरक एवढाच की तिचं कपाट मी उघडू शकलो. व्हीलचेअर आणि वॉकर जवळच्या एका गरजू कुटुंबाला दिले.

एक लक्षात ठेवा. प्रवास हे औषध नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर गाडीची किल्ली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते.

बाकीच्यांनी आज रात्री एक कागद घ्या. जागा, वाट, मुक्काम, मागे कोण आणि परतीची तारीख, एवढं लिहा. परतीची तारीख लिहिता आली तर निघा. जय हिंद.